मागं कोणी राह्यलं नाही ना?

त्या माणसाच्या गाडीवर मी दहा-अकरा वर्षं घंटी वाजवली आणि त्यानं एकदाही माझ्या घंटीवर विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी चिडलेली दिसले तर बाई उगाच तापट आहे असं कोणी म्हणू नये.

बसचा कायदा साधा आहे. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. आमच्या आदिलाबाद-तामसी गाडीवर मात्र हा कायदा चालत नव्हता. मी दोन घंट्या द्यायची, वरून ‘रैट, रैट’ म्हणून घसा फाडायची, आणि आमचे ड्रायव्हरदादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डावीकडच्या आरशात बघत बसायचे.

“थांबा ताई. आरशात माणूस दिसून राह्यला.”

माणूस कुठं असायचा? दोन वावरं पलीकडं, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तो गाडीकडं येतोय की हरवलेली बकरी शोधतोय, हे त्याचं त्यालाच माहीत. पण आरशात दिसला ना, मग गाडी हलायची नाही. कुणी हात वर केला तर विचारूच नका. स्टॉप असो, नसो, चढ असो, चिखल असो, हात दिसला की ब्रेक.

एकदा तर कमाल झाली. कापूस वेचणीचे दिवस. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून गाडीत मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, त्यात त्या दिवशी बाजार. आणि यांना आरशात एक म्हातारी दिसली, काठी टेकत येणारी. मी घंटी दिली. परत दिली. दोरी तुटायची तेवढी राहिली. मागून आरडाओरडा सुरू झाला, एकीचं लेकरू रडायला लागलं, एक जण म्हणे दवाखान्यातला नंबर जाते, दुसरा म्हणे डायवरले झोप लागली काय पाहा. दादा ढिम्म. शेवटी म्हातारी धापा टाकत दारापाशी आली. मी म्हटलं, “चढ माय लवकर. कुठं जायचं?”

“मी कायले कुठं जाऊ?” म्हातारी म्हणाली. “तुमची गाडी कवाची उभी दिसली. म्हटलं काऊन थांबले, बिघडली काय, म्हून पाहाले आली.”

म्हणजे ती येत होती म्हणून हे थांबले होते, आणि हे थांबले होते म्हणून ती येत होती! सगळी गाडी हसली. मी कपाळावर हात मारून घेतला. दादांना लाज वाटली असेल म्हणता? खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, “गाडी चांगली हाय आजी. जा आता सावकाश.” आणि गिअर टाकला. वर मलाच म्हणाले, “पाह्यलं? लोक गाडीची काळजी करतात.”

असा माणूस वेळेच्या बाबतीत ढिला असेल असं वाटतं ना? तिथंही आमचं नशीब आडवं आलं. उशीर त्यांना खपायचा, पण लवकर अजिबात खपायचं नाही. एखाद्या स्टॉपवर गाडी दहा मिनिटं आधी पोचली की इंजिन बंद. स्टॉपवर चिटपाखरू नसेना का, एक लूत लागलेलं कुत्रं झोपलेलं असेना का, टाइम होईपर्यंत गाडी हलायची नाही.

“उशिरा आलेल्या गाडीले लोक शिव्या देतात,” ते म्हणायचे, “पन लवकर सुटलेली गाडी माणसाले मागं टाकून जाते. शिवीनं काय होते? काईच नाही. मागं राह्यलेल्या माणसाचं काय होते, ते इचारा.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि हे गाडीपुरतं नव्हतं. चार वाजता चहाला बोलावलं की दादा पावणेचारला येऊन आमच्या फाटकाबाहेर उभे. आत या म्हटलं तर म्हणणार, “अजून टाइम व्हाचा हाय.” माझ्या सासरी सगळे मास्तर नाहीतर कारकून, त्यांना हा प्रकार काही कळेना. शेजारीण तर एकदा हळूच मला विचारून गेली, “बाई, तुमच्या घरावर जप्ती आली काय? तो मानूस काऊन उभा हाय?”

तर हा माणूस एक दिवस रस्त्यातच थांबला.

उन्हाळ्याची दुपार होती. तामसीहून परत येत होतो. दादांना शुगर होती हे मला माहीत होतं, त्या दिवशी त्यांचं जेवण चुकलं होतं हे मात्र माहीत नव्हतं. घंटी नाही, स्टॉप नाही, आणि गाडी हळू झाली. कडेच्या चिंचेखाली नीट लागली, हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, झालं, दिसला वाटतं कोणीतरी आरशात! चरफडत केबिनपाशी गेले तर दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले, अंगावरचा खाकी शर्ट घामानं चिंब.

“ताई,” ते पुटपुटले, “लोकाईले दुसऱ्या गाडीत बसवा.”

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसरा ड्रायव्हर आला, त्यानं गाडी डेपोत नेली. मग तपासणी झाली, डॉक्टरांनी ‘अनफिट’ लिहिलं आणि दादांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोच्या गेटवर बसवलं. गाडी आली की साखळी खाली सोडायची, गेली की वर घ्यायची. बिचारे तेही इतकं मन लावून करायचे की साखळी बांधायच्या आधी रस्त्यावर दोन्हीकडं बघून घ्यायचे.

अनफिटचं त्यांना फारसं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. एकदा मी ड्यूटी संपवून निघाले तर गेटवर स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, सगळ्या नोकरीत एकच फेरी अर्धी राह्यली. अन् ते बी शेवटची.”

मी म्हटलं, “दादा, माणसं वाचली ना? तुमी गाडी कडेला घेतली म्हणून वाचली.”

“वाचली. पन शेवटच्या स्टॉपवर मी नाही पोचवली. दुसऱ्यानं पोचवली.”

मला तर त्या वेळी रागच आला. जीव वाचल्याचं सुख नाही, आणि हे फेरीचं रडगाणं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हा माणूस कुठं चालणार? तामसीच्या रस्त्यावर! दुसरा रस्ता जगात आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. चालता चालता पळायला लागले. आणि पळणं तरी कसं? मी नव्या ड्रायव्हरबरोबर त्याच रोडवर असायची, रोज सकाळी समोर तमाशा. दादा डाव्या कडेनं पळतायत. वळण आलं की हात बाहेर काढून इशारा. गतिरोधक आला की वेग कमी. स्टॉप आला की थांबणार, इकडं तिकडं बघणार, आणि स्वतःच स्वतःला ‘रैट’ म्हणून पुढं निघणार. हातात एका जुन्या मोपेडचा गोल आरसा. पळता पळता तो वर धरून मागं कोण आहे ते बघायचे. बायका मला विचारायच्या, “कंडक्टरबाई, हे तुमचे दादा ना? काही झालं काय त्याईले?” मी म्हणायची, “काही नाही, पहिल्यापासूनच असे आहेत.”

मग एका मेकॅनिकच्या मोबाईलवर त्यांनी एक शर्यत पाहिली. समुद्राच्या काठाकाठानं, वाळूतून, ऐंशी किलोमीटर. सकाळी सूर्य उगवायला निघायचं आणि मावळायच्या आत पोचायचं. झालं! दुसऱ्या दिवशी आमची गाडी गेटातून निघत होती तर साखळी धरून उभे.

“ताई, समुद्राले लागून पळाची शर्यत हाय. नाव देऊन राह्यलो.”

“आदिलाबादला समुद्र कुठून आला दादा? इथं अंघोळीला पाणी पुरत नाही.”

“तिकडं हाय, आंध्रात. आइका तर. आतापर्यंत जितके रस्ते चालवले, त्या सगळ्याइच्या फुडं आनखीन रस्ता होता. तामसीच्या फुडं बी रस्ता हाय. समुद्राच्या फुडं रस्ताच नाही. तो खरा शेवटचा स्टॉप. एक डाव तिथं नेऊन लावतो, मंग बसतो चुपचाप गेटवर.”

मागं गाडी हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, “आधी ती साखळी सोडा.”

वाळूत पळायची सवय पाहिजे म्हणून सुट्टीच्या दिवशी ते पैनगंगेवर जायला लागले. पाठीवर वजन पाहिजे असं कुणीतरी सांगितलं, तर यांनी तिथलीच वाळू पिशवीत भरून पाठीला लावली. वाळूघाटाच्या चौकीदारानं धरलं. पंचनामा करतो म्हणाला. दादा म्हणाले, “करा, पन लवकर करा, परतीची गाडी हाय.” चौकीदारानं पिशवी उघडून पाहिली तर त्या वाळूनं एक घमेलंसुद्धा भरलं नसतं. तो विचारतो, चोरी करायची तर एवढीशीच काऊन? दादा म्हणतात, चोरी नाही, मी परत ठेवाले आणतो. शेवटी त्यानं हात जोडले आणि पिशवीसकट सोडून दिलं. दादांनी पिशवी परत नेऊन, जिथून भरली होती त्याच खड्ड्यात रिकामी केली. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि वर विचारलं, “बराबर केलं ना?”

शर्यतवाल्यांना डॉक्टरचा दाखला हवा होता. वर्षभराच्या पळण्यानं शुगर ताब्यात आली होती, डॉक्टरांनी बघून-तपासून ‘फिट’ लिहून दिलं. दादांनी तो कागद लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावला, आणि शर्यतीला न्यायला काढायलाच विसरले. मोबाईलवर फोटो होता म्हणून भागलं.

आणि वयस्कर माणसाबरोबर सोबती पाहिजे, हा शर्यतवाल्यांचा नियम. वयनी जायला हव्यात की नाही? पण वयनींना गाडी लागते. ड्रायव्हरची बायको, आणि बसमध्ये पाऊल ठेवलं की उलटी! लग्नानंतर एकदाही त्या नवऱ्याच्या गाडीत बसल्या नाहीत. त्या माझ्याकडं आल्या, पदरात माझ्यासाठी वावरातली वांगी घेऊन.

“तूच जा माय. तुलेच तो थोडंफार आइकते.”

“वयनी, माझं? माझ्या घंटीचं नाही ऐकत तो माणूस!”

“माझं तर त्याहून नाही आइकत. फक्त जसा नेशीन तसा वापस आण. बाकी काई नाही मागत.”

वांगी घेतली होती. आता नाही कसं म्हणू?

निघायच्या आधी शर्यतवाल्यांचा एक कागद मोबाईलवर आला. वाटेत पाच ठिकाणं, पाणी-फळं ठेवलेली, आणि प्रत्येक ठिकाणासमोर एक वेळ. दादांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! “पाहा ताई, लोक शिस्तीचे दिसतात. टाइमटेबल देलं बराबर.” मीही पाहिलं. ठिकाण, वेळ, ठिकाण, वेळ. उभा जन्म असले तक्ते पाहण्यात गेला, त्यात शंका घेण्यासारखं काय होतं?

दोन गाड्या बदलून तिथं पोचलो. समुद्र मीही पहिल्यांदाच पाहत होते. मी तर चपला हातात घेऊन पाण्यात शिरले. दादांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं आणि म्हणाले, “पन ताई, गाडी वळवाले जागा कुठं हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत सुटली. रंगीत बूट, काळे चष्मे, पाठीवर नळीच्या पिशव्या लावलेली पोरं-पोरी सुसाट निघाली. त्यांच्यात आमचे दादा, खाकी अर्धी पँट, डोक्याला रुमाल, हातात मोपेडचा आरसा. आम्ही सोबती लोक टेम्पोतून रस्त्यानं पुढच्या ठिकाणी जायचो आणि आपापल्या माणसाची वाट बघायचो.

पहिल्या ठिकाणी दादा चांगले आधी आले. पैनगंगेची वाळू कामी आली होती. मला वाटलं, चला, हा माणूस आज नाव काढणार. ते खुर्चीत बसले, डबा उघडला, भाकरी-ठेचा काढला. पाणी देणारी पोरं तेलुगूत म्हणायला लागली, “वेळ्ळंडी अंकल, वेळ्ळंडी!” निघा, निघा. दादांनी शांतपणे उत्तर दिलं, “टाइम कालेदु.” अजून वेळ झाली नाही. आणि मी? मी काय केलं असेल? मी त्या पोरांनाच दटावलं, “जेवू द्या रे त्यांना, टाइमावर निघतील.” मागून एकेक जण येऊन पाणी पिऊन पुढं गेला. वेळ झाली तसे दादा उठले, आरशात पाहिलं, ‘रैट’ म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी तर बसल्या बसल्या एका मुलाच्या पायाला तेल चोळून दिलं. मला फक्त एक गोष्ट खटकायला लागली. दादा निघाले की मागं ती पोरं टेबल-खुर्च्या गुंडाळायची. मी मनात म्हटलं, हे लोक आमचं पाऊल बाहेर पडलं की दुकान काऊन बंद करतात? चौथ्या ठिकाणीही तसंच झालं तेव्हा मी तिथल्या मुलीला विचारलं. ती बिचारी मला समजावत होती आणि मी मोबाईलवरचा तो कागद पुन्हा काढून बघत होते.

त्या वेळा निघायच्या नव्हत्या. बंद व्हायच्या होत्या. त्या वेळेपर्यंत जो पोचणार नाही, त्याला शर्यतीतून काढून टाकायचं. वेळेच्या आत जितकं लवकर निघाल तितकं बरं, कारण शेवटचा तुकडा सगळ्यात लांब, आणि सगळा भुसभुशीत वाळूचा.

म्हणजे आमचा शहाणा सकाळपासून चार ठिकाणी फाशीच्या दोराखाली बसून भाकरी खात होता! आणि मी तिथं पदर खोचून पहारा देत होते! शंभर-दीडशे माणसं पळत होती, कुणाच्या डोक्यात असं आलं नाही. यायला आयुष्य वेळापत्रकात घालवावं लागतं.

पाचव्या, शेवटच्या ठिकाणी मी वाळूतच उभी राहिले. दादा आले. थकले होते, गुडघ्यात वाकले होते, पण आधी आले होते. आले ते पाठीवरच्या पिशवीतून डबा काढत सरळ खुर्चीकडं. मी खुर्ची ओढून घेतली.

“बसू नका! निघा!”

“टाइम व्हाचा हाय ना.”

“दादा, तो टाइम निघायचा नाही. बंद व्हायचा हाय!”

“छापील टाइम हाय ताई. छापील टाइम असा कसा राहीन?”

मी सगळं सांगितलं. पटेना. तुमी थकल्या, तुमाले ऊन लागलं, पानी प्या, असं मलाच सांगायला लागले. माझा तोल गेला. तिथं जमलेले सगळे बघत असताना मी ओरडले, “दादा, गाडी लेट हाय! लेट!”

हा शब्द मात्र लागला. चेहरा पांढरा झाला. “काऊन नाही सांगितलं आधी?”

“मला काय ठाऊक! आत्ता कळलं!”

हातातला डबा त्यांनी माझ्याकडं फेकला. मी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला, आणि ते निघाले. स्टॉपवर न थांबता निघालेले दादा मी पहिल्यांदा पाहिले.

टेम्पोनं आम्हाला शेवटी नेऊन सोडलं. वाळूत फुगवलेली कमान, दोरीचे कठडे, घड्याळाची मोठी पाटी, आणि माइकवर एक माणूस. सूर्य आमच्या पाठीमागं नारळीच्या झाडांत उतरत होता. बहुतेक सगळे येऊन गेले होते, पदकं घालून फोटो काढत होते. मी दादांचा डबा छातीशी धरून उभी. मला पदक नको होतं, मला फक्त एवढंच पाहिजे होतं की या माणसाची ही फेरी अर्धी राहू नये. नाहीतर जन्मभर गेटवर बसून मला ऐकवत राहिला असता, आणि मी ऐकत राहिले असते.

आणि दिसले! लांबून तो रुमाल ओळखला. पाय ओढत होते, पण चालले होते. माइकवाला म्हणाला, अजून वेळ आहे, टाळ्या वाजवा. मी शिट्टीच वाजवली. त्यांच्या मागं थोड्या अंतरावर पोपटी शर्टातला एक तरुण पळत होता. वर आभाळात ते फोटो काढायचं विमानासारखं यंत्र भुणभुणत होतं. त्या तरुणानं वर पाहिलं, हसला आणि हात वर करून हलवला.

मी शिट्टी थांबवली. कारण दादांचा आरसा वर होता.

थांबले. कमान समोर, घड्याळ पळतंय, आणि हा माणूस थांबला! वळून उभा राहिला, पॅसेंजर येईपर्यंत. पोपटी शर्टवाला त्यांच्या बाजूनं वाऱ्यासारखा निघून गेला, कमानीतून पार झाला आणि त्याला पदकही मिळालं. दादा तिथंच. आता निघायला गेले तर पाय उचलेना. थांबलेली गाडी चढावर उचलत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मांड्या दोन्ही हातांनी चेपत वाकून उभे राहिले, आणि वाकल्या वाकल्या पुन्हा आरसा वर धरायला लागले.

कठड्याच्या आत पाऊल टाकलं, हात लावला, तर शर्यतीतून बाद. मी काय करू? शिव्या द्याव्यात तर तेवढ्या लांब ऐकू जाणार नाहीत. आणि मग माझ्या हाताला तो डबा लागला. स्टीलचा, वयनींनी दिलेला. मी झाकण काढलं आणि डब्यावर हाणलं. दोनदा. टण, टण.

दादांनी डोकं वर केलं.

आरसा धरलेला हात सवयीनं वर आला, अर्ध्यावर आला. मी म्हटलं, संपलं. पुन्हा हाणलं, टण, टण, आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, “रैट! रैट!” माइकवाला बोलायचा थांबला. कठड्यापाशी उभा असलेला मुलगा माझ्याकडं बघायला लागला, त्याला मी बिनतिकिटवाल्याकडं बघतात तसं पाहिलं.

हात खाली आला. आरसा वाळूत पडला. आणि मागं न बघता दादा निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या दोन घंट्यांवर.

कसे आले ते मला नीट दिसलं नाही, डोळे भरले होते माझे. कमानीतून आत आले तेव्हा माइकवाला किंचाळत होता. त्यांच्या मागोमाग भोंगा वाजला. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. वयनींना मी तिथूनच मोबाईलवर सांगितलं, नेला तसा आहे, फक्त पाय बदलावे लागतील.

दादा वाळूत बसले होते. पाण्याच्या बाजूला तोंड करून, जिथं रस्ता संपतो तिकडं. मी जवळ गेले. आता बोलायचं म्हणून मी सकाळपासूनचं सगळं जमवून ठेवलं होतं, टाइमटेबलपासून पोपटी शर्टापर्यंत. पण ते आधी बोलले.

“ताई, मागं कोणी राह्यलं नाही ना?”

आरसा नव्हता त्यांच्याकडं. आणि त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मला विचारलं.

मी पाहिलं. खूप लांब, पाण्याच्या कडेनं एक बाई येत होती. थोराड अंगाची, लंगडत, मध्येच थांबत. भोंगा वाजून गेला होता, पोरं कमान उतरवायला लागली होती, आमची परतीची गाडी होती आणि स्टेशन लांब होतं. नाही म्हटलं असतं तर दादांनी त्या दिवशी नक्की मानलं असतं. तीच तर पंचाईत झाली ना! इतकी वर्षं विश्वास ठेवत नव्हते तेव्हा मी काहीही म्हणू शकत होते.

“हाय एक,” मी म्हटलं.

दादा उठले. कसे उठले ते मी सांगत नाही, पाहवत नव्हतं. कमानीपाशी गेले आणि पोरं काढत असलेला खांब दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. “आगंडी,” त्यांना म्हणाले. थांबा. “एक पॅसेंजर हाय.” पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी पोरांना सांगितलं, यांच्याशी वाद घालू नका, उपयोग होत नाही, मी घालून पाहिला आहे.

आमची गाडी चुकली. ती चुकणारच होती. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी होती, रजा संपली होती, घरी काय सांगायचं ते सुचत नव्हतं. आता दादा वांकिडीला लेकीकडं राहतात आणि कधी फोन आला तर अजून मी त्यांना ती चुकलेली गाडी ऐकवते.

पण त्या संध्याकाळी ती बाई वाळूत पुन्हा थांबली, आमच्याकडं बघत, यावं की नाही अशी. उतरत चाललेली कमान तिला दिसत असणार. मला राहवेना. मी कठडा ओलांडला, पुढं गेले, आणि घसा फाडून ओरडले, “या माय, या! गाडी उभी हाय!”

तिला मराठी कळत होती की नाही कोण जाणे. पण तिनं हात वर केला.